मोरीच्या पाण्यावरचा दुधी

एका बाईची चर्चमधली जागा माझ्या तोंडामुळे रिकामी झाली. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे मला मिळालेल्या शांतीबद्दल लिहायचं आहे, आणि ही गोष्ट झाकून ठेवून शांतीबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

आमचं गाव नगर-पुणे रस्त्यापासून थोडं आत, सुप्याजवळ. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी एकाच आळीला, आणि आळीच्या टोकाला आमचं दगडी चर्च. पिकं निघाली की चर्चमध्ये कापणीचा सण होतो. ज्याच्या शेतात, परसात, खुराड्यात जे असेल त्यातलं पहिलं देवाला आणायचं. बाजरीची कणसं, मटकी, भुईमुगाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, एखादीनं केलेली कारळाची चटणी. वेदीपुढे ढीग लागतो, पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात, आणि उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्याच वस्तूंचा लिलाव होतो. या लिलावाला बाजारभाव लागू नसतो. एक जण अंडं घेतो आणि परत देवाला देऊन टाकतो, मग तेच अंडं दुसरा घेतो, तोही परत देतो. लहानपणी मला भीती वाटायची की दुपारपर्यंत त्यातून पिल्लू बाहेर येईल.

लिलाव पुकारायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आवाज मोठा आणि जीभ चालती. "एक वार, दोन वार" म्हणताना मधेमधे मी कुणाची तरी फिरकी घ्यायचो. कोंबडी हातात आली की म्हणायचो, "मंडळी, ही मालकिणीसारखीच आहे, अंडी कमी आणि आवाज जास्त." मालकीणही हसायची. लोक म्हणायचे, लिलाव ऐकावा तर याचाच. हे ऐकायला मला फार आवडायचं. इतकं आवडायचं की वस्तू हातात आली की ती कुणी, कशी आणली हे मला दिसतच नसे. तिच्यावर काय बोलता येईल तेवढंच दिसे.

त्या वर्षी पाऊस नव्हता. गावात टँकर येत होता. वेदीपुढचा ढीगही लहान होता. आमच्या आळीतल्या एका मावशीनं दुधी भोपळा आणला होता. नात्यानं ती माझी मावशी नव्हे, माझ्या आईची मैत्रीण. आई शेतावर गेली की मी तिच्या घरी जेवायचो. चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथशाळेत पहिली गाणी तिनं शिकवली. तिचा नवरा कधीच गेला होता, मुलगा पुण्याला होता, आणि ती एकटी राहत होती.

उपासनेआधी तिनं पदरातून दुधी काढला आणि माझ्या हातात दिला. लांबट, थोडा वाकडा. मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "मोरीच्या पान्यावर वाढवलाय रं. भांडी घासलेलं, तोंड धुतलेलं, समदं पानी येलाला. एक थेंब वाया जाऊ दिला न्हाई. पयलं फळ हाय, म्हनलं देवाचं देवाला."

तिनं हे किती आनंदानं सांगितलं होतं, ते मला आजही आठवतं.

लिलावात दुधीची पाळी आली. सकाळपासून बोल्या मंद होत्या, लोक कंटाळले होते, आणि मला हशा हवा होता. मी दुधी डोक्यावर धरला आणि म्हणालो, "मंडळी, हा साधा दुधी नाही. हा मोरीच्या पाण्यावर वाढलाय. भाजी करताना फोडणी नको, नुसता फेस येईल. आणि धुणं राहिलं असेल तर यानंच उरका!"

हशा पिकला. पोरं लोळायला लागली. कुणीतरी ओरडलं, "मला द्या, साबण संपलाय घरात!" त्यावर परत हशा. त्या गोंधळात दुधी एकदाच विकला गेला. घेणाऱ्यानं तो परत देवाला दिला नाही की घरीही नेला नाही. मी नेहमीच्या सवयीनं मावशीकडे पाहिलं, तीही हसतेय का ते बघायला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग चप्पल शोधून ती निघून गेली. मी पुढची वस्तू उचलली.

संध्याकाळी सतरंज्या गोळा करायला गेलो तेव्हा दुधी लिंबाच्या बुंध्याशी पडलेला होता. मी इकडेतिकडे पाहिलं. मग तो उचलला, दगडावर आपटून फोडला आणि शेजारच्या दावणीला बांधलेल्या शेळ्यांपुढे टाकला. मावशीनं तो तिथं पडलेला पाहू नये म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे तो मला पाहवत नव्हता.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या चर्चमध्ये डावीकडे बाया बसतात. तिथल्या खिडकीखाली तिची जागा होती, वारा येतो म्हणून तिनं धरलेली. ती रिकामी राहू लागली. लोक म्हणाले, तिचे गुडघे धरलेत, बसवत नाही. मीही तसंच म्हणू लागलो. तिच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी मी मागच्या बोळानं ये-जा करू लागलो. दर महिन्याला प्रभुभोजनाचं ताट आलं की भाकरीचा तुकडा उचलत राहिलो. लिलावही पुकारत राहिलो.

मग माझेच दिवस फिरले.

सुप्याच्या एमआयडीसीत मी एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर होतो. कंपनीनं ती लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हाला घरी बसवलं. मुलगी नगरला नर्सिंग शिकत होती. बायको ब्लाउज शिवायची. या वयात मला कोण घेणार, हा प्रश्न सकाळी डोळे उघडायच्या आधीच छातीवर येऊन बसायचा. रक्तदाब वाढला. हसवणारा माणूस म्हणून ज्याला सगळे ओळखत, तो बायकोनं चहात साखर कमी घातली म्हणून कप आदळू लागला.

बायको शहाणी. तिनं एका सकाळी माझा डबा भरला, कंपनीत जाताना भरायची तसाच. मी म्हणालो, "हा कुठं नेऊ?"

ती म्हणाली, "कुठंही न्या. मला डबा भरायची सवय हाय आन् तुम्हाला घराबाहेर जायची. दिवसभर घरात बसलात तर दोघांपैकी एक जण दवाखान्यात जाईल."

मी डबा घेऊन निघालो. फाट्यावर जाऊन उभं राहायची लाज वाटत होती. म्हणून चर्चची किल्ली घेतली आणि आत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग तो नेमच झाला.

सुरुवातीला मी तिथं मोठमोठ्यानं प्रार्थना करायचो. देवाला सांगायचो, नोकरी मिळू दे, मी दर रविवारी चर्च झाडीन. मिळत नाही असं दिसल्यावर म्हणायचो, बरं, उपासही करीन. मग म्हणायचो, चर्चचं छत स्वतःच्या हातानं दुरुस्त करीन. असे बरेच दिवस गेले. आमचे पाळकसाहेब वयानं माझ्याहून लहान, आसपासच्या गावांतल्या मंडळ्या मोटरसायकलवरून सांभाळतात. एकदा ते अचानक दारात उभे राहिले. हेल्मेट काखेत.

"दादा, आत कोण कोण आहे?"

"मी एकटाच."

"मग बोली कोण चढवतंय? मला पार लिंबापर्यंत ऐकू आलं. वाटलं, सण आला आणि मलाच कळवलं नाही."

मी खजील झालो. त्यांच्या लक्षात आलं, तसे ते माझ्याजवळ सतरंजीवर बसले. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी न विचारता घेतली. ठेचा तिखट आहे म्हणाले. मग म्हणाले, "दादा, इथं काही विकत घ्यायचं नाहीये. तुम्ही नुसते बसा. जमलं तर काही मागूही नका." आणि दुसऱ्या गावी बारसं होतं म्हणून निघून गेले.

बोली चढवणं हे त्यांनी थट्टेत म्हटलं होतं, पण ते माझ्यात रुतलं. जन्मभर मी देवाशी लिलावच करत आलो होतो. माझ्याकडे हे आहे, ते घे, आणि मला ते दे. मी किती चांगला, किती सेवा करतो, किती लोकांना हसवतो. आता माझ्याकडे द्यायला काही नव्हतं आणि तरी मी ओरडत होतो.

त्या दिवसापासून मी गप्प बसायला लागलो. ते सोपं नव्हतं. गप्प बसलं की भीती जास्त ऐकू यायची. तरी बसायचो. फरशी झाडायचो, सतरंज्या उन्हात घालायचो, बाकीचा वेळ बसायचो. उन्हाळ्याचे दिवस होते. एका दुपारी डबा खाल्ल्यावर खिडकीतून झुळूक येत होती तिथं जरा आडवा झालो. मनात एवढंच म्हणालो, प्रभू, मी दमलो. त्यात मागणं नव्हतं. आणि मला झोप लागली.

उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून वेदीपर्यंत गेलं होतं. गालावर सतरंजीचे वळ उमटले होते. बाहेर शेळ्या परतत होत्या. कित्येक महिन्यांत मी असा झोपलो नव्हतो. काही बदललं नव्हतं. नोकरी नव्हती, गोळ्या चालूच होत्या. पण छातीवर जे बसलेलं असायचं ते तिथं नव्हतं. मला कुणीतरी ओळखतं, माझं सगळं ओळखतं, आणि तरी मला इथं झोपू दिलं, असं काहीतरी वाटत होतं. मी नीट सांगू शकत नाही. लहानपणी ताप उतरल्यावर आईनं घोंगडी पांघरून दिलेली असायची, तेव्हा जसं वाटायचं, तसं.

मी रोज तिथं जरा पडू लागलो. बायको म्हणायची, "प्रार्थनेला जाता की झोपायला?" मी म्हणायचो, "मला त्यात फरक कळेनासा झालाय." ती हसायची. घरात परत हसू यायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी डोळे उघडले आणि वर खिडकी दिसली. डावीकडची खिडकी. वाऱ्याची. मी इतके दिवस मावशीच्या जागेवर झोपत होतो.

भीतीचा आवाज असेपर्यंत ही गोष्ट मला दाबून ठेवता आली होती. आता मन शांत होतं, आणि त्या शांततेत ती सरळ येऊन समोर बसली. विशेष म्हणजे मी पळालो नाही. पूर्वी आठवण आली की मी लगेच म्हणायचो, त्यात काय एवढं, थट्टाच तर होती. त्या दिवशी म्हणालो, हो, मी केलं. मला रडू आलं, पण ते जड नव्हतं. शांती मला माफी मागितल्याबद्दल मिळाली नाही. ती आधीच, फुकट मिळाली होती. माफी मागायचं बळ तिच्यातून आलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी ते मिटवा, मग या मेजाशी या. हे मी शेकडो वेळा ऐकलं असेल. ताट माझ्यापुढं आलं तेव्हा मी हात लावला नाही, शेजाऱ्याकडे सरकवलं. आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये असं केलेलं सगळ्यांना दिसतं. बायकोला तर दिसलंच.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "का घेतलं न्हाई?"

"मावशीमुळं. त्या दुधीमुळं."

ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मला वाटलंच. सांगू का, त्या दिवशी मी बी लई हसले होते. डोळ्याला पानी येईस्तोवर. म्हनून मी पन कधी तिच्याकडं गेले न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या बोळानं न जाता आळीतून गेलो. मावशी अंगणात भांडी घासत होती. तिची मोरी म्हणजे फरशीचा एक तुकडा. त्याच्या बाजूनं मातीत काढलेली चारी, आणि चारीच्या टोकाला बाभळीच्या काट्यांवर चढलेला दुधीचा वेल. पांढरी फुलं होती. मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर तिनं वेल उपटून टाकला असेल.

तिनं मान वर न करताच ओळखलं. "वाट चुकलास का?"

"नाही मावशी. तुझ्याकडंच आलो."

"व्हय? मंग बस की. त्या दगडावर बस, खाट मोडलीया." मी बसलो. ती म्हणाली, "नोकरी गेली म्हनं तुझी."

"गेली."

"वाळलास. जेवतोस का न्हाई?"

मी इतकी तयारी करून गेलो होतो आणि ती माझ्या जेवणाची चौकशी करत होती. सवयीनं विनोद करायला तोंड उघडलं, पण मिटून घेतलं. मग म्हणालो, "मावशी, तुझे गुडघे कसे आहेत?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "गुडघं झ्याक हायेत. रोज दूध घालायला डेअरीवर चालत जाते. गुडघ्याचं कुनी काढलं?"

"सगळेच म्हणतात."

"समद्यांना सोयीचं हाय ते."

तिनं पातेलं उपडं घातलं. पाणी चारीनं वेलाकडे गेलं. दोघं ते जाताना बघत राहिलो. मग मी म्हणालो, "मावशी, मी चुकलो. त्या दिवशी तू मला हळूच सांगितलं होतंस."

"व्हय. हळूच सांगितलं हुतं." तिनं हात पदराला पुसले. "मला एक सांग. त्यो दुधी खाल्ला कुनी?"

याची मी तयारी केली नव्हती. खोटं बोलता आलं असतं. "शेळ्यांनी. मीच टाकला त्यांच्यापुढं. फोडून."

ती एकदम हसली, खांदे हलवत. "बरं झालं बाबा! मला वाटलं, कुजला आसंल. शेळीनं खाल्ला म्हंजे कुनाच्या तरी पोटात गेला."

मीही हसलो, आणि हसताहसता डोळे पुसले. मला वाटलं, झालं, मिटलं. मी हात जोडून म्हणालो, "मग माफ केलंस ना?"

तिचा चेहरा गंभीर झाला. "मी तर कवाच केलं रं. राग धरून एकटीनं कसं जगायचं? पन हितं माझ्या दारात, भांड्यांसमोर माफी मागून काय व्हतंय? तू मला हितं हसला नव्हतास. लिंबाखाली, समद्या लोकांत हसलास. मला तिकडं पाय टाकायचा म्हनलं की अजून त्यो हशा कानात वाजतोय."

मी म्हणालो, "यंदाच्या सणाला ये. मी तिथं बोलेन."

"बघू." ती उठली. "तू बोललास की मला भ्याव वाटतं."

जून-जुलै गेले. पाऊस बरा झाला. मला डेअरीवर दूध घेण्याचं काम मिळालं, पगार कंपनीपेक्षा बराच कमी. तरी मी समाधानी होतो आणि आहे. पहाटेचं काम असतं, दुपार मोकळी मिळते, आणि दुपारी मी अजूनही चर्चमध्ये जाऊन बसतो. पण आता खिडकीखाली बसत नाही. मावशी डेअरीवर यायची, किटली पुढे करायची, दूध चांगलं असतानाही म्हणायची, "नीट बघून घे, मोरीचं पानी न्हाई घातलेलं." मागे उभे असलेले काही न कळून हसायचे. मी मान खाली घालायचो. सणाला येणार का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सण आला. वेदीपुढे त्या वर्षी भरपूर होतं, कणसांच्या पेंढ्याच्या पेंढ्या. पाळकसाहेबांना मी आधीच सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "लिलाव तुम्हीच पुकारा दादा. पळू नका." उपासना सुरू झाली तेव्हा खिडकीखालची जागा रिकामी होती. पहिलं गाणं झालं, शास्त्रपाठ झाला. अर्पणाच्या गाण्याला दारात सावली पडली. मावशी आली. इस्त्रीचं लुगडं, पदराखाली काहीतरी लांबट. माझी बायको उठून तिच्याकडे गेली, हात धरून तिला खिडकीपर्यंत नेलं आणि तिच्या शेजारीच बसली.

उपासनेनंतर आम्ही लिंबाखाली जमलो. मी कणसं पुकारली, शेंगा पुकारल्या. आवाज बसल्यासारखा निघत होता. मग दुधी हातात आला. तसाच लांबट, थोडा वाकडा. पुढे बसलेल्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच एक जण खुदकन हसला. त्यांना माहीत होतं, आता काहीतरी येणार. मी गप्प उभा राहिलो. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मागून मावशीचा आवाज आला, "बोल की रं! का भोपळा लई जड झाला?"

हशा झाला. या वेळी ती स्वतःही हसत होती. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो आणि मग बोललो.

"मंडळी, हा दुधी मोरीच्या पाण्यावर वाढलाय. हे मी मागं तुम्हाला हसवायला सांगितलं होतं. आज नीट सांगतो. टँकरच्या वर्षी या बाईनं पाण्याचा थेंब वाया न घालवता वेल जगवला आणि पहिलं फळ देवाला आणलं. मला विश्वासानं सांगितलं. मी त्याची चेष्टा केली, आणि संध्याकाळी तिचं अर्पण फोडून शेळ्यांना घातलं. तिचे गुडघे कधीच दुखत नव्हते. ती माझ्यामुळं यायची थांबली होती. तुम्ही हसलात त्याचा दोष तुमच्यावर नाही, हसवणारा मी होतो. मावशी, मी सगळ्यांसमोर तुझा अपमान केला, म्हणून सगळ्यांसमोर म्हणतो. मी चुकलो. मला माफ कर."

मागून मावशी म्हणाली, "केलं रं. आता बोली लाव की!"